नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात आईला घेऊन चालत चक्कर जमेल का?

आई ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात पण पक्ष्यांचं भारी वेड. नाशिकहून सकाळी निघून अभयारण्याजवळच्या चापडगावला जायचा विचार आहे, चढ वगैरे आहे का?

उत्तर: बिनधास्त न्या, चढ नाहीच. मातीची सपाट वाट आहे, मधे पक्षी बघायच्या मनोऱ्यावर टेकायचं, आरामात चालायचं आणि त्याच चालीने परत फिरायचं. गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साचून साचून ही दलदल झालीय, २०२० मधे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, आपल्या जिल्ह्यात आहे याचा खरंच अभिमान वाटतो. डिसेंबर-जानेवारीत उजाडताच पोचा, ऊन चढलं की पक्षी लांब जातात.

उत्तर: काकूंना हळदी-कुंकू बदक नक्की दाखवा! काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाजवळ दोन लाल ठिपके, दुर्बिणीतून बघितलं की नाव का पडलं ते लगेच कळतं. गावातला गाईड घ्याच, आम्हाला गवतात दडलेली जांभळी पाणकोंबडी त्यानेच दाखवली, नाहीतर आम्ही तशीच पुढे गेलो असतो.

प्रश्नकर्ता: खूप थँक्यू, आईला वाचून दाखवलं, ती आत्ताच दुर्बीण शोधतेय. येत्या रविवारी निघतोच.