मदत हवी आहे : घरी अभंग रेकॉर्ड करताना हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो

आई 30 वर्षं भजनी मंडळात गाते. तिचे अभंग जपून ठेवावेत म्हणून घरच्या डेस्कटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलंय. लिनक्स, पाइपवायर (आवाजाची ने-आण करणारी यंत्रणा), आर्डर (रेकॉर्डिंगचा प्रोग्राम), माइक संगणकाला जोडणारा दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक.

आई हेडफोनवर तानपुरा आणि आधीच वाजवून ठेवलेला ठेका ऐकत गाते. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 1024 नमुन्यांचा ठेवला तर तिचा आवाज तिला मागाहून ऐकू येतो. 48 किलोहर्ट्झला 1024 नमुने म्हणजे एका दिशेने 21 मिलिसेकंद. आउटपुटची वायर इनपुटला जोडून मोजलं, तर जाऊन-येऊन 47 भरले. मग ती नकळत थांबते आणि चार आवर्तनांत ठेक्याच्या मागे पडते. परवा म्हणाली, "कुणीतरी माझी नक्कल करतंय असं वाटतं." तिची लय पक्की आहे, म्हणून मला फार लागतं हे.

बफर 128 केला की उशीर जाणवत नाही, पण तडतड सुरू होते आणि एक्सरनचा (तुकडा वेळेत न पोचल्याचा) आकडा वाढत जातो. युजर ऑडिओ ग्रुपमध्ये घातला, रिअलटाइम प्रायॉरिटी दिली, सीपीयू गव्हर्नर परफॉर्मन्सवर नेला. तडतड कमी झाली, थांबली नाही. 256 ला एखादीच येते, पण नेमकी लांबवलेल्या स्वरावर.

इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे, म्हणजे माइकचा आवाज संगणकातून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये येतो. त्याने उशीर जातो, पण आवाज अगदी कोरडा. आईला देवळात येतो तसा थोडा घुमारा लागतो, त्याशिवाय ती मोकळी गात नाही. यातून काही वाट आहे का? शेजारच्या पोर्टमधल्या वायफाय डोंगलचा काही संबंध असेल?

प्रतिसाद :
डायरेक्ट मॉनिटर चालूच ठेवा आणि संगणकाकडून फक्त घुमारा घ्या. माइकचं इनपुट आर्डरमध्ये एका वेगळ्या बसलाही (आवाज नुसता पुढे नेणारी, न नोंदणारी वाट) जोडा, तिथे रिव्हर्ब (घुमारा) पूर्ण वेट ठेवा, मूळ आवाज अजिबात नको. गाण्याच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. घुमारा 47 मिलिसेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही, मोठ्या सभामंडपात तो तसाही उशिराच येतो. म्हणजे बफर बिनधास्त 1024 ठेवता येईल. वायर जोडून मोजलेला आकडा आर्डरच्या कॅलिब्रेशनमध्ये (उशीर भरून काढणाऱ्या सेटिंगमध्ये) गेलाय ना ते बघा, नाहीतर गाणं ठेक्याच्या मागे नोंदलं जाईल. डोंगल रेकॉर्डिंगपुरता काढून पाहा.

धागाकर्ता :
खूप आभार! बस केली, डोंगल काढला. आईने आत्ताच एक अभंग न थांबता पूर्ण गायला. कॅलिब्रेशन मात्र केलेलं नव्हतं, ते आज रात्री करतो.