सीडॉर्फ ‘भाडोत्री’ म्हणे! बसा, बोलूच

मधली_फळी
काल इथे इटलीतल्या रोमा क्लबच्या टोट्टीचा फोटो टाकून हॉलंडच्या फुटबॉलपटू सीडॉर्फवर एक पोस्ट आली. “एक आयुष्य, एक जर्सी. नाहीतर तो सीडॉर्फ, जिथे ताट वाढलेलं दिसेल तिथे मांडी घालून बसणारा भाडोत्री. तीन क्लबांकडून चॅम्पियन्स लीग म्हणे! जिंकणाऱ्या गाडीत चढायला काय लागतं?” खाली बदामांचा पाऊस. सोडून देणार होतो, पण रात्रभर डोक्यातून जाईना.

आता वाढलेली ताटं मोजू. 1995 मध्ये व्हिएन्नात चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, फायनलला त्याच्या अजॅक्सने मिलानला 1-0 हरवलं तेव्हा हा 19 वर्षांचा. युरोपातला सगळ्यात भारी संघ सोडून गेला कुठे, तर इटलीतल्या सॅम्पडोरियाला, जी त्या हंगामात लीगमध्ये आठवी आली. तिथून 1996 ला रिआल माद्रिद. आज नाव ऐकून डोळे दिपतात, पण रिआल आदल्या हंगामात सहावी होती आणि त्या वर्षी युरोपात खेळायचीसुद्धा सोय नव्हती. प्रशिक्षक कापेलोच्या हाताखाली पहिल्याच वर्षी लीग जिंकली. 1998 ला ॲमस्टरडॅममध्ये युव्हेंटसला हरवून रिआलने युरोपियन कप, म्हणजे चॅम्पियन्स लीगच, आणला तो 1966 नंतर पहिल्यांदा. मग इंटर, तिथे हाती भोपळा. 2002 ला मिलान, चौथ्या नंबरवर आलेली, शेवटचा युरोपियन कप 1994 चा. वर्षभरात तिथेही कप. ही गाडी आधीच जिंकत होती की हा चढल्यावर जिंकायला लागली, ते तुम्हीच सांगा.

आणि 2007 ची सान सिरोवरची सेमीफायनल बघा एकदा. मँचेस्टर युनायटेड, धो धो पाऊस. बॉक्सच्या कडेला गर्दीत त्याने चेंडू खाली उतरवला, त्या जाडजूड मांड्या आणि कंबर मध्ये घालून जागा केली, जमिनीलगत कोपऱ्यात. चिखलात बाकीचे घसरत होते आणि हा दिवाणखान्यात उभा असल्यासारखा. असल्या माणसाला भाडोत्री?

रोमचा_रम्या
पोस्ट माझीच होती, नाव घ्यायला लाजलात का? तारखा पाठ आहेत, छान. मुद्दा कुठाय? टोट्टीला रिआलने बोलावलं होतं, गेला नाही. 25 हंगाम रोमा. लीग एकच, 2001 ची, पण ती रोममध्ये राहून. तुमचा हिरो इंटर सोडून गेला कुठे? त्याच शहरातल्या वैऱ्याकडे, त्याच मैदानावर. ड्रेसिंग रूमचं दार तेवढं बदललं. आमच्याकडे याला निष्ठा म्हणत नाहीत.

निळी_काळी
गेला नाही हो, आम्ही दिला! इंटरवाल्यांच्या जखमेवर मीठ चोळायचं असेल तर नीट चोळा. 2002 ला सीडॉर्फ देऊन आम्ही फ्रान्चेस्को कोको घेतला. कोको! त्याच्या पाठीच्या दुखण्याने पुढे सगळीच वाट लागली, त्याला काय बोलणार. पण त्याच्या आदल्याच वर्षी आम्ही पिर्लोही त्यांनाच दिला होता. म्हणजे 2003 आणि 2007 ची मिलानची मधली फळी निम्मी आमच्या घरची. 5 मे 2002 ला लाझिओविरुद्ध आम्ही दोनदा आघाडी घेऊनही 4-2 ने हरलो आणि लीग घालवली, तो दिवस अजून आठवतो. आणि त्यावर हा सौदा. निष्ठा खेळाडूंना शिकवण्याआधी क्लबांना शिकवा.

घाटकोपरची_सई
निळी_काळींना अनुमोदन. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत लागले ते शेवटपर्यंत तिथेच. दुसरीकडून जास्त पगाराचं बोलावणं आलं तरी “आपली गिरणी” म्हणत राहिले. संप झाला, गिरणी उठली, थकबाकीसाठी चकरा मारून चपला झिजल्या. मालकाच्या दारात “आपला माणूस” कोणी म्हटलं नाही. म्हणून ज्याच्या अंगात कसब आहे त्याने जिथे किंमत मिळेल तिथे जावं, यात मला काहीही गैर वाटत नाही.

रोमचा_रम्या
ताई, वडिलांबद्दल आदर आहे, पण मिलचा आणि मिलानचा काय संबंध? गिरणी कामगार पोटासाठी राबत होते. हे लखपती.

घाटकोपरची_सई
संबंध नसेल तर एकाच मालकाकडे आयुष्य काढल्याचा आरतीसारखा गजर तुम्ही कशाला करता? माल्दिनी तर सगळं आयुष्य मिलानमध्ये. 2009 ला घरच्या मैदानावर शेवटचा सामना, समोर तुमचीच रोमा, आणि मिलानच्याच कट्टर स्टँडमधून त्याच्यावर शिट्ट्या आणि टोमण्याचे फलक. ही मिळाली निष्ठेची बक्षिसी.

रंकाळा_कट्टा
निष्ठा बिष्ठा राहू दे भावानों. खरा विषय कोण काढतच नाय. पेनल्टी! युरो 1996, फ्रान्स, शूटआऊट. बाकी सगळ्यांनी मारल्या, एकट्या सीडॉर्फची त्यांच्या गोलकीपरनं, लामानं अडवली, हॉलंड घरी. 1997, तुर्कीतलं बुर्सा शहर, तुर्कीविरुद्ध पेनल्टी, चेंडू कुठल्या कुठं आभाळात, 1-0 हार. 2003 ची चॅम्पियन्स लीग फायनल, ओल्ड ट्रॅफर्ड, त्याची युव्हेंटसच्या गोलकीपरनं, बुफॉननं अडवली. मिलानच्या गोलकीपरनं, डीडानं तीन काढल्या म्हणून तुमच्या हिरोच्या गळ्यात मेडल. ज्याला जमत नाही त्याने पुढं यायचं कशाला?

हे मी तळमळीने बोलतोय. आमच्या पेठेची शाहू स्टेडियमवर मॅच. मारणारा ठरलेला, शांत पोरगं. माझ्या थोरल्या भावानं त्याच्या हातातनं बॉल ओढून घेतला. स्पॉटवर ठेवला, परत उचलला, व्हॉल्व्ह आपल्याकडं येईल असा फिरवला, परत ठेवला. गोलकीपर हातमोज्यावर थुंकून हसाय लागला तवाच मी ओळखलं. बॉल गेला थेट प्रेक्षकांत. त्या रात्री घरात कोण जेवलं नाय, आणि त्या शांत पोरानं पुढच्या हंगामात तालीम बदलली. आता बोला निष्ठेवर.

मधली_फळी
हे बघा, एका माणसाच्या 20 वर्षांच्या कारकिर्दीतून तीन पेनल्ट्या उचलायच्या…

रंकाळा_कट्टा
तीन कुठल्या तेबी बघा की!

व्याकूळ_विंगर
कट्टेकरी, तुमच्या भावाची बाजू कोणीतरी घ्यायलाच हवी. पाय लटपटत असताना बॉल मागून घेणारा माणूस संघात लागतो. बाकीचे बुटाच्या नाड्या बांधायचं सोंग करतात. 2003 ला दोन्हीकडून मिळून पाच पेनल्ट्या अडवल्या गेल्या. मिलानच्याच कालाद्झेचीही गेली, त्याला कोण विचारतो? 1996 ला चुकवून, 1997 ला चुकवून, 2003 ला परत दुसऱ्या नंबरवर उभा राहिला. छाती लागते.

रंकाळा_कट्टा
छाती न्हवं, हट्ट म्हणतात त्याला. तुम्ही कधी मारलीय का पेनल्टी, का सोफ्यावर बसून रिमोट दाबलाय?

व्याकूळ_विंगर
मी कॉलेजला राइट विंग खेळलोय. आणि तुमच्यासारखा सख्ख्या भावाचा पंचनामा चारचौघांत मांडत नाही.

रंकाळा_कट्टा
भावाला मी वाचून दाखवलंय वरचं. तो म्हणाला, गोलकीपर आधी हलला होता.

डेल्फ्टची_मुक्ता
मी इथे हॉलंडमध्ये राहते, म्हणून थोडं. ‘हट्टी’, ‘स्वतःला शहाणा समजतो’ हे डच लोकही त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं म्हणत आलेत. पण तो जन्मला सुरिनामच्या पारामारिबोत, आणि 1996 च्या त्या संघात सुरिनामी मुळांची पोरं आणि बाकीचे यांच्यात आधीच धुसफूस होती. स्वित्झर्लंडविरुद्ध सीडॉर्फला 26 व्या मिनिटाला बाहेर काढलं. नंतर डेव्हिड्स प्रशिक्षक हिडिंकबद्दल नको ते बोलला म्हणून त्याला घरीच पाठवलं. त्या वातावरणात 20 वर्षांचा पोरगा पेनल्टी घ्यायला गेला. इथे ऑफिसात हा विषय निघाला की अजून दोन तट पडतात. 87 सामने खेळूनही हॉलंडने त्याला कधी मनापासून आपलं म्हटलं नाही, असं मला वाटतं. 2006 च्या विश्वचषकाला व्हॅन बास्टेनने नेलंच नाही.

रोमचा_रम्या
म्हणजे देशातही नको, क्लबातही नको. मग दोष नेहमी दुसऱ्यांचाच कसा?

मधली_फळी
क्लबात नको? मिलानमध्ये 2002 ते 2012. दहा हंगाम! दोन चॅम्पियन्स लीग, 2004 आणि 2011 ची सेरी आ, म्हणजे इटलीची लीग. 2006 ला पंचांवर वजन टाकण्याच्या भानगडीत मिलानचे गुण कापले, तेव्हाही हा तिथेच. 36 व्या वर्षी ब्राझीलच्या बोटाफोगो क्लबला गेला. त्या वयात लोक आखातात पेन्शन खायला जातात, हा ब्राझीलमध्ये जाऊन 2013 ची रिओची राज्य स्पर्धा जिंकला आणि लीगमध्ये चौथा आणून क्लबला लिबर्तादोरेसमध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, पोचवलं. भाडोत्री एवढं राबत नाहीत.

रोमचा_रम्या
बरं बाबा. दहा वर्षं एका घरात काढली, तर भाडोत्री नाही म्हणत. घरजावई म्हणतो. चालेल?

निळी_काळी
घरजावयाला सासरेबुवांनी, म्हणजे मिलानचे मालक बर्लुस्कोनींनी, जानेवारी 2014 मध्ये प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतलं. बिचारा बोटाफोगोचे बूट काढून धावत आला. जूनमध्ये नारळ. आता घ्या, त्याने निष्ठा दाखवली तर हे.

मधली_फळी
आणि आकडे बघा. आधीचा प्रशिक्षक अलेग्रीने पहिल्या 19 सामन्यांत 22 गुण केले होते, सीडॉर्फने उरलेल्या 19 मध्ये 35. याला नारळ देतात?

रंकाळा_कट्टा
ते गुण राहू दे. तेव्हा पेनल्टी कोण मारायचं?

मधली_फळी
बालोटेली. सीडॉर्फच्या पहिल्याच सामन्यात, व्हेरोनाविरुद्ध, 82 व्या मिनिटाला. 1-0 जिंकले.

रंकाळा_कट्टा
बघा! बाहेर बसला, तर गेली आत.