टॅबवर झकास, टीव्हीवर भुरकट. नवीन टॅब घेऊ का?

खाडीकाठचो
मंडळी मदत करा. माझा टॅब १० इंची, रिझोल्यूशन १२८० बाय ८००, आणि टीव्ही ४३ इंची फोरके. टॅबवर दशावतार लावला की राजपार्टीच्या, म्हणजे राजा झालेल्या नटाच्या, मुकुटावरचे मणीसुद्धा दिसतात, पण तेच टीव्हीवर टाकलं की सगळं भुरकट आणि वर चारी बाजूंनी काळी पट्टी. गणपतीला मुंबईची मंडळी येणार, घर भरलेलं असणार, म्हणून त्याआधी १९२० बाय १२०० वाला टॅब घ्यायचा विचार आहे, फरक पडेल का?

देवगडकर_७७
थांब भावा, पैसे घालवू नको. आधी सांग, तू कास्ट करतोस की स्क्रीन मिररिंग? चारी बाजूंनी पट्टी म्हणतोस म्हणजे मिररिंगच असणार. रुंदी-उंचीचं प्रमाण बघ, तुझा टॅब १६:१० आणि व्हिडिओ १६:९, म्हणून टॅबवरच वरखाली पट्टी येते, मग ती अख्खी स्क्रीन १६:९ च्या टीव्हीवर गेली की डावी-उजवीकडे आणखी पट्टी.
मिररिंगमध्ये टॅब स्वतःच्या स्क्रीनचाच व्हिडिओ बनवून, दाबून लहान करून वायफायवरून पाठवतो. म्हणजे व्हिडिओ कितीही भारी असला तरी तुझ्याकडे जेमतेम १२८० बाय ७२० उरतं, साधारण ९ लाख पिक्सेल, आणि फोरके टीव्हीला हवेत जवळजवळ ८३ लाख. उरलेले टीव्ही अंदाजाने भरतो, मग भुरकट दिसणारच. यूट्यूबमध्येच कोपऱ्यात लाटा असलेला चौकोन असतो तो दाब, हेच कास्ट, मग टीव्ही थेट नेटवरून व्हिडिओ ओढतो आणि टॅब नुसता रिमोट. तिथे टॅबचं रिझोल्यूशन शून्य कामाचं.

चिरेबंदी
एवढं कशाला, टॅबच्या सी पोर्टमधून टीव्हीला जोडणारी सी टू एचडीएमआय केबल घ्या आणि मोकळे व्हा.

देवगडकर_७७
@चिरेबंदी स्वस्तातल्या बऱ्याच टॅबच्या सी पोर्टमधून चित्र बाहेरच येत नाही हो, नुसतं चार्जिंग आणि डेटा. आधी बघून घ्या, नायतर केबल खुंटीला.

माडाखालची
दादा, वायफाय पण बघा. आमचं घर जुनं, जाड चिऱ्याच्या भिंती, राउटर पडवीत आणि टीव्ही माजघरात, तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पोचायचंच नाही आणि २.४ वर मिररिंग अडकत अडकत चालायचं. राउटर मधल्या दाराजवळ आणला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आणि पावसात लाईट गेली की राउटरही गेला, त्याला छोटा यूपीएस लावाच.

खाडीकाठचो
मिररिंगच करत होतो रे! चौकोन दाबला, पट्टी गेली, एका नव्या व्हिडिओत तर पडद्याच्या सुरकुत्या दिसल्या. पण जुनी नाटकं अजून तशीच, आणि एका पैसे भरलेल्या ॲपवर टॅबमध्येच चित्र भुरकट दिसतं, त्याचं काय?

देवगडकर_७७
जुनी नाटकं रात्री देवळासमोर मोबाईलवर घेतलेली, ४८० पी म्हणजे कमी रिझोल्यूशनमध्ये चढवलेली, त्याला टॅब नाय टीव्ही नाय कोणीच काही करू शकत नाही. ॲपचं म्हणशील तर टॅबची वाइडवाइन लेव्हल बघ, वाइडवाइन म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारं कुलूप. एल ३, म्हणजे सगळ्यात खालची लेव्हल, असेल तर बरीच ॲप्स एचडी देतच नाहीत, स्क्रीन कितीही चांगली असली तरी. ते ॲप टीव्हीतच टाक आणि तिथून लाव.

माडाखालची
आणि वाचलेल्या पैशात मंडळींसाठी मोदकाचं सामान आणा 😄