मदत हवी आहे : शंभरपैकी 55 गुण असूनही मुलगी अकौंटन्सीत अनुत्तीर्ण कशी?

नमस्कार.

मी सोलापूरचा असून अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात गेली बावीस वर्षे हिशेब लिहितो. माझी धाकटी मुलगी येथील एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या दुसऱ्या सत्राचा निकाल गेल्या आठवड्यात लागला आणि गुणपत्रक वाचताना माझा जो गोंधळ झाला, त्यासाठी हा धागा काढत आहे. परीक्षा विभागात काम केलेल्या किंवा महाविद्यालयात शिकवणाऱ्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मी 1994 साली पदवीधर झालो. त्या वेळी सोलापूरची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. सोलापूर जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ 2004 साली झाले. आम्हाला वर्षाकाठी एक परीक्षा असे, गुणांची बेरीज करून टक्के काढले जात आणि साठच्या पुढे गेले की प्रथम श्रेणी. घरातले कोणीही गुणपत्रक हातात घेऊन दोन मिनिटांत निकाल सांगू शकत असे. मुलीच्या गुणपत्रकात मात्र श्रेयांक (क्रेडिट), श्रेणी, श्रेणी गुणांक (श्रेणीला दिलेला अंक), एसजीपीए (त्या सत्राची सरासरी) असे रकाने आहेत आणि टक्के कोठेच नाहीत.

अकौंटन्सीचा पेपर 4 श्रेयांकांचा, म्हणजे 100 गुणांचा आहे. त्यात 40 गुण महाविद्यालयाने घेतलेल्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि 60 गुण सत्राच्या शेवटी झालेल्या लेखी परीक्षेचे. तिला अंतर्गत 33 आणि लेखीत 22 मिळाले. बेरीज 55 होते, तरीही त्यापुढे ‘एफ’ श्रेणी छापलेली आहे. मी तिला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बाबा, बाहेरचे दोन कमी पडले.” मला ते पटले नाही आणि ती काही तरी लपवत आहे असे समजून मी तिला जरा जास्तच बोललो. रागवायच्या आधी नियम समजून घ्यायला हवा होता, असे आता वाटते.

दुसरी गोष्ट एसजीपीएची. या सत्राचे एकूण श्रेयांक 22 आहेत. अकौंटन्सी सोडून उरलेल्या 18 श्रेयांकांच्या विषयांत तिच्या श्रेणी चांगल्या आहेत. प्रत्येक विषयाचे श्रेयांक त्याच्या श्रेणी गुणांकाने गुणून मी बेरीज केली ती 144 आली, आणि 144 भागिले 18 म्हणजे बरोबर 8. गुणपत्रकावर मात्र 6.55 छापले आहे. ही संगणकाची चूक आहे की माझ्या हिशेबात काही राहून गेले आहे?

तिला पुढच्या वर्षात प्रवेश मिळेल का, अकौंटन्सीचा पेपर पुन्हा देताना अंतर्गत 33 गुण तसेच राहतील की तेही नव्याने मिळवावे लागतील, आणि 6.55 ला दहाने गुणून 65.5 टक्के धरायचे का, हेही जाणून घ्यायचे आहे. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी असे एका शेजाऱ्याने सुचवले आहे. त्याची मुदत थोडेच दिवस असल्याचे कळते, म्हणून शक्य तितक्या लवकर उत्तर मिळाल्यास उपकार होतील.

प्रतिसाद

नमस्कार. मी पंढरपूरला एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवत होते आणि काही वर्षे आमच्या परीक्षा विभागाचे कामही पाहिले आहे. आपल्या मुलीने सांगितले ते खरे असण्याची शक्यता फार मोठी आहे. अनेक विद्यापीठांत अंतर्गत आणि लेखी अशा दोन्ही भागांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. उत्तीर्णतेची अट 40 टक्के असेल तर 60 पैकी 24 आणि 40 पैकी 16 गुण हवेत. तिचे अंतर्गत गुण भरपूर आहेत. पण ते लेखीतली दोन गुणांची तूट भरून काढू शकत नाहीत. या दोन गुणांसाठी कृपांकाचा, म्हणजे थोडक्यात हुकलेल्यांना वाढीव गुण देण्याचा, नियम लागू होतो का, हे महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात अवश्य विचारा. प्रत्येक विद्यापीठाच्या अध्यादेशात त्याच्या अटी वेगळ्या असतात.

एसजीपीए बरोबर आहे. ‘एफ’ श्रेणीचा गुणांक शून्य असतो, म्हणून बेरीज 144 च राहते. पण त्या विषयाचे 4 श्रेयांक भाजकातून वगळले जात नाहीत. म्हणून 144 भागिले 22, म्हणजे 6.55. हाच पेपर सुटला आणि समजा ‘बी’ श्रेणीचा 6 गुणांक मिळाला, तर त्यात 24 मिळून 168 होतील आणि एसजीपीए 7.64 होईल. श्रेयांक म्हणजे विषयाचे वजन. तासिकांच्या विषयात साधारणपणे 15 तासांच्या अध्यापनाला 1 श्रेयांक धरतात, त्यामुळे 4 श्रेयांकांचा विषय म्हणजे 60 तासांचे काम. आपल्या काळी सगळे पेपर सारख्याच वजनाचे असत, म्हणून नुसती बेरीज पुरत असे. आता मोठ्या विषयातले अपयश निकालाला अधिक खाली ओढते.

दहाने गुणून टक्के काढू नका. सीबीएसईच्या दहावीसाठी 9.5 ने गुणण्याची जी पद्धत होती, तीही पदवीला लागू नाही. प्रत्येक विद्यापीठ रूपांतराचे स्वतःचे सूत्र ठरवते. अर्जात टक्के मागितले तर तेच सूत्र वापरावे, आणि तेही सर्व सत्रे मिळून येणाऱ्या सीजीपीएवर.

एका विषयाच्या बॅकलॉगमुळे सहसा वर्ष अडत नाही, एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, पुढे जाता येते. उत्तीर्ण झालेल्या भागाचे, म्हणजे तिचे 33 गुण, बहुतेक ठिकाणी पुढे धरले जातात आणि फक्त लेखी पेपर द्यावा लागतो. तरीही या दोन्ही बाबी महाविद्यालयाकडून लेखी स्वरूपात विचारून घ्या.

छायाप्रत मात्र नक्की मागवा. तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली माहितीच्या अधिकाराखाली मान्य केलेला आहे. छायाप्रत हाती आली की आधी बेरीज तपासा, मग एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का ते पाहा, आणि त्यानंतरच पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरायचे की नाही ते ठरवा. मुलीला शेजारी बसवूनच ती वाचा, अशी माझी विनंती आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मॅडम, आपले मनापासून आभार. परीक्षा विभागाने दोन्ही भागांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण होण्याचा नियम आणि अंतर्गत गुण कायम राहत असल्याचे लेखी दिले. कृपांकाच्या अटीत तिचे प्रकरण बसत नाही. दुसऱ्या वर्षाचा प्रवेशही झाला.

छायाप्रत काल मिळाली आणि आम्ही दोघांनी ती रात्री जेवणानंतर वाचली. पहिल्या प्रश्नाला 9, दुसऱ्याला 8, तिसऱ्याला 5 आणि चौथ्याला शून्य. बेरीज 22 बरोबर आहे. तपासायचे राहिले असे एकही उत्तर सापडले नाही. दुसऱ्या प्रश्नात मात्र तिने ताळेबंद तीन वेळा मांडला आहे. दोन वेळा आडवी रेघ मारून खोडलेला आणि तिसऱ्यांदा नव्या पानावर. दोन्ही बाजूंत 1,800 रुपयांचा फरक येत होता आणि तो शोधण्यात तिचा बराच वेळ गेला. चौथ्या प्रश्नाचे फक्त शीर्षक लिहिलेले आहे. घसाऱ्याची, म्हणजे वापराने मालमत्तेच्या किमतीत होणाऱ्या घटीची, नोंद नफा-तोटा पत्रकात झाली होती, पण ताळेबंदात मालमत्तेतून वजा करायची राहिली होती, हे मी पेन्सिलने दाखवले तेव्हा ती कितीतरी वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. कारखान्यात फरक लागेना की आम्ही तो बाजूला लिहून ठेवतो आणि पुढच्या नोंदी करतो, हे मी तिला प्रथमच सांगितले. इतकी वर्षे हे काम करूनही घरी तिच्याजवळ बसून मी ते कधी बोललो नव्हतो.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा नाही असे आम्ही ठरवले आहे. पुढच्या परीक्षेचा अर्ज तिने आज भरला, आणि आजपासून रोज रात्री साडेनऊ वाजता एक उदाहरण घड्याळ लावून सोडवायचे असे तिनेच सांगितले आहे. या पेपरच्या सरावासाठी मागील प्रश्नपत्रिका कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.