कोरियन विद्यार्थ्यांना 'इन्क्रेड्युलस' कसा शिकवावा?

रांजणगावात कोरियन इंजिनिअरांना इंग्रजी शिकवते. मंडळी मनापासून अभ्यास करतात, पण 'द न्यूज वॉज इन्क्रेड्युलस' ही चूक काही सुटत नाही. काय करू?

उत्तर १: बातमी इन्क्रेडिबल, म्हणजे विश्वास बसू नये अशी; ऐकणारा इन्क्रेड्युलस, म्हणजे विश्वास न बसलेला. कोरियनमध्ये दोन्हींचा अर्थ सांगताना 'मित्ता', म्हणजे विश्वास ठेवणे, हेच क्रियापद येतं. घोळ तिथेच होतो.

उत्तर २: ताई, व्याख्या राहू द्या. त्यांना 'सोल्मा!' म्हणायला सांगा, म्हणजे आपलं 'छे, शक्यच नाही!'. म्हणताना भुवया वर जातात, तोच 'इन्क्रेड्युलस लुक'. उच्चारावरही मेहनत घ्या, 'क्रे'चा हमखास 'कुरे' होतो.

प्रश्नकर्ती: सोल्मा! हे फारच छान. उद्याच्या तासाला आधी हेच घेते.