मदत हवी आहे: एच-वन-बी व्हिसा आणि वेबसाइटच्या जाहिरातींचं उत्पन्न

दुर्गवाट, पुणे
नमस्कार. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची माहिती देणारी मराठी वेबसाइट चालवतो. अ‍ॅडसेन्स या गूगलच्या जाहिरात सेवेतून महिन्याला साधारण आठ-नऊ हजार रुपये पुण्यातल्या बचत खात्यात येतात. १ ऑक्टोबरपासून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत नोकरी आहे. तिथून साइट चालू ठेवता येईल का? बाबांच्या नावावर केली तर चालेल का? आणि कर कुठे भरायचा?

पळसफूल
एच-वन-बीवर फक्त ज्या कंपनीने अर्ज केलाय तिचंच काम करता येतं. व्याज, लाभांश, घरभाडं घ्यायला हरकत नसते, कारण त्यात तुमचं रोजचं काम नाही. जाहिरातीचं उत्पन्न यात बसेल की नाही, हे साइटवर कोण राबतंय यावर ठरतं. अमेरिकेत बसून लेख लिहिणं, फोटो चढवणं, जाहिरातींच्या जागा बदलणं आणि त्यातून कमाई होणं, याला परवानगीविना काम म्हणता येतं. पैसे भारतातल्या खात्यात आले म्हणून त्यात फरक पडत नाही. पुढे ग्रीन कार्डच्या आय-४८५ अर्जात परवानगीविना काम केलंय का, हा प्रश्न थेट विचारतात. तिथे खोटं उत्तर देणं मूळ चुकीपेक्षा महागात पडतं.

बाबांच्या नावावर करणं चालेल, पण साइट खरोखर बाबांनी चालवायला हवी. नाव त्यांचं आणि लेख तुम्ही अमेरिकेतून लिहिताय, तर काम तुमचंच राहिलं.

दुर्गवाट
आणि जुने लेख तसेच ठेवून नवीन काहीच लिहिलं नाही तर?

पळसफूल
ते निष्क्रिय उत्पन्नाच्या बरंच जवळ जातं आणि काही वकील त्याला हरकत घेत नाहीत. पण ‘नक्की चालतं’ असा लेखी नियम नाही. हा मार्ग घ्यायचा असेल तर निघण्याआधी सगळे लेख, त्यांच्या तारखा आणि डोमेनची नोंदणी यांची प्रत काढून ठेवा. अ‍ॅडसेन्समध्ये पेमेंट रोखून धरायची सोय आहे, पण पैसे उशिरा घेतल्याने व्हिसाचा प्रश्न सुटत नाही. नोकरीवर घर अवलंबून असेल तर मी जाहिराती काढूनच टाकेन. साइट राहू द्या, वाचक तुटणार नाहीत.

कर्वेनगरी
बाबांकडे द्यायची असेल तर कामाला आत्ताच लागा. अ‍ॅडसेन्सचं खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. बाबांना नवीन खातं उघडावं लागेल आणि साइटची तपासणी पुन्हा होईल. त्याला दोन-चार आठवडे जाऊ शकतात. खात्यातलं नाव त्यांच्या बँक खात्याशी जुळायला हवं. १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो, त्यामुळे पत्ता पुण्याचाच द्या. साइटवरचा जुना जाहिरात कोड आणि ‘अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी’ या साइटवरच्या फाइलमधला खात्याचा प्रकाशक क्रमांक, दोन्ही बदला. नेमकं दुसरं विसरलं जातं आणि मग जाहिराती नीट दिसत नाहीत. डॉट कॉम डोमेनच्या नोंदणीत मालक बदलला की डोमेन दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे हलवायला ६० दिवसांची बंदी लागू शकते, त्यामुळे आधी नोंदणी कंपनी बदला, मग नाव. सोबत वडिलांच्या नावे बक्षीसपत्र करा. मालकी न देता नुसतं उत्पन्न वळवलं तर भारतात कर तुमच्याच माथी येतो.

सीए_सदाशिव
कराचं बोलतो. निघण्याची तारीख फार महत्त्वाची आहे. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हे १८३ दिवस होतात. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस इथे राहिला तर करासाठी निवासी ठरतो. मग अमेरिकेतला पगारही भारतीय रिटर्नमध्ये दाखवावा लागतो आणि तिथे भरलेल्या कराची वजावट वेगळा फॉर्म भरून मागावी लागते. एच-वन-बीवर कामाच्या तारखेच्या १० दिवस आधीपर्यंत प्रवेश मिळतो, म्हणून २५ सप्टेंबरच्या आसपास निघालात तर हे टळतं. या वर्षात आधी परदेशी फेऱ्या झाल्या असतील तर त्या धरून मोजा.

निघाल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपया खातं) करून घ्या. निवासी खातं तसंच चालवणं फेमात, म्हणजे परकीय चलन कायद्यात, बसत नाही. व्हिसाची प्रत आणि परदेशातला पत्ता बँक मागते.

अमेरिकेत पहिल्या वर्षी सप्टेंबरअखेर ते ३१ डिसेंबर असे सुमारे शंभर दिवस भरतात, त्यामुळे तिथे करासाठी रेसिडेंट ठरवणारी १८३ दिवसांची कसोटी सहसा पूर्ण होत नाही. पुढच्या वर्षी तिथेच राहिलात की रेसिडेंट ठरता आणि जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. अ‍ॅडसेन्सला डब्ल्यू-८-बेन (अमेरिकेबाहेरच्या रहिवाशाचा कर फॉर्म) दिला असेल तर बदल ३० दिवसांत कळवून डब्ल्यू-९ (तिथल्या रहिवाशाचा फॉर्म) द्या. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरायचा.

साइटचं उत्पन्न व्यवसाय म्हणून दाखवलं आणि निव्वळ नफा ४०० डॉलरला पोचला, तर स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के करही लागतो. तुमची रक्कम त्यावर जाईल. शिवाय रिटर्नमधला व्यवसायाचा तक्ता म्हणजे मी व्यवसाय केला अशी लेखी कबुलीच. कर भरला म्हणून व्हिसाची परवानगी मिळत नाही. म्हणून आधी इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत घ्या आणि ते हातात असलं की माझ्यासारख्याकडे या.

दुर्गवाट
आभार. तिकीट २४ सप्टेंबरचं बघतो. बाबा लिहायला तयार आहेत, या आठवड्यात त्यांचं खातं उघडतो.