अन्ननलिका बंद असलेलं बाळ: आधी पुणं की आधी सक्शन?

नवजात कक्ष, सातारा: अन्ननलिकेचं वरचं टोक जन्मतः बंद, खालचं श्वासनलिकेला जोडलेलं. निदान होताच नातेवाइकांना सांगतात, गाडी काढा, पुणं गाठा. मला हे घातक वाटतं. बाळ स्थिर असेल तर शस्त्रक्रियेला एखादा दिवस थांबता येतं. लाळ मात्र थांबत नाही. वरचं टोक भरलं की ती फुप्फुसात उतरते. सुमारे ११० किलोमीटर सक्शनशिवाय, म्हणजे यंत्राने लाळ ओढून न काढता नेलं तर न्यूमोनिया ठरलेलाच.

कराडकर: सहमत नाही. ‘स्थिर करतोय’ म्हणता म्हणता दिवस जातो. जठरातलं आम्ल खालच्या जोडातून फुप्फुसात चढतं, ते तुमचं सक्शन कसं थांबवणार? जोड बांधणं हाच उपाय. बालशल्यविशारद नसेल तिथून निघायलाच हवं.

नवजात कक्ष, सातारा: आम्लाचं खरं आहे, म्हणूनच डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवायचं. मी दिवसभर थांबा म्हणत नाही, अर्धा तास मागतोय. वरच्या टोकात १० फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) दुहेरी पोकळीची नळी, सतत हलकं सक्शन. ती नसेल तर साध्या नळीने दर ५-१० मिनिटांनी लाळ ओढा. तोंडाने थेंबही नाही. शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज, व्हिटॅमिन के, अँटिबायोटिकचा पहिला डोस, आणि ऊब. गाडीतल्या सक्शन मशीनची बॅटरी निघण्यापूर्वी चालवून बघा.

स्टाफ नर्स, मिरज: भांडण निदानापासून सुरू करा. तोंडात फेस, पहिल्या दुधाला ठसका, बाळ निळं, असं दिसलं की दूध बंद. १० फ्रेंचची जरा कडक नळी ओठांपासून साधारण १० सेंमीवर अडते. ६ फ्रेंचची मऊ नळी आतच वळसे घेते आणि पोटात गेली असं वाटतं, तिथेच चूक होते. नळी ठेवूनच एक्स-रे काढा. पोटात हवा दिसली तर खालचा जोड आहे. हवा नसेल तर बहुधा तो नाही, टोकांमधलं अंतरही मोठं असतं. तिथे आधी पोटातून दुधाची वाट करून काही आठवडे थांबावं लागतं. एक्स-रेसाठी बेरियम पाजू नका.

कराडकर: मान्य. पण धाप लागलेल्या बाळाचं काय? अंबू बॅग (हाताने दाबून मास्कमधून श्वास देणारी पिशवी) दाबली की हवा जोडातून जठरात जाते, पोट फुगतं, जठर फुटूही शकतं. त्याला तुमचा अर्धा तासही परवडत नाही.

नवजात कक्ष, सातारा: त्याला मास्कने हवा न देता श्वासनलिकेत नळी घाला, टोक शक्यतो जोडाच्या खाली, पण श्वासनलिका दुभंगते त्याच्या वर. हे न करता खंबाटकी घाट ओलांडायला निघालात तर वाटेत बॅगच दाबावी लागेल.

स्टाफ नर्स, मिरज: एक्स-रे आधी फोनवर पाठवा, सोबत क्रॉसमॅचसाठी (रक्त जुळतं का बघण्यासाठी) आईच्या रक्ताचा नमुना द्या. हृदयाचा इको पुण्यातही होतो, त्यासाठी इथे अडकू नका.